दोन मापांचा हिशेब

गीझरच्या अंगावर एक छोटी पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर टाकीची क्षमता असते आणि त्याखाली दोन आकडे असतात : २३० व्होल्ट, २००० वॅट. गीझर विकत घेणारा ती सहसा वाचत नाही आणि बसवणाराही पुष्कळदा वाचत नाही. खरं तर पुढचं सगळं काम त्या दोन आकड्यांत लिहिलेलं आहे. २००० ला २३० ने भागलं की ८.७ येतात. गीझर चालू असताना तारेतून एवढे अँपिअर वाहणार, म्हणजे ६ अँपिअरचा सॉकेट इथे चालणार नाही, १६ अँपिअरचाच लागेल. आता २३० ला ८.७ ने भागा. उत्तर येतं सुमारे २६.५ ओहम. हा गीझरच्या कॉइलचा रोध. उद्या गीझरने पाणी तापवणं बंद केलं, तर पुरवठा पूर्ण तोडून, कॉइलच्या तारा सोडवून तिच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावायचा. आकडा २६-२७च्या आसपास आला, तर कॉइल धड आहे, दोष थर्मोस्टॅटमध्ये किंवा वायरिंगमध्ये शोधायचा. मीटरने अखंड जोडणी दाखवलीच नाही, तर कॉइल तुटली. गीझर उघडल्यावर निदानाला पाच मिनिटं पुरतात आणि नवा भाग आणायचा की नाही, हे दुकानात जाण्याआधी कळतं.

या पुस्तकाचा विषय एवढाच आहे. व्होल्ट, अँपिअर, ओहम आणि वॅट या चौघांपैकी कोणतेही दोन माहीत असले, की उरलेले दोन काढता येतात. बहुतेक वेळा मोजता येतात ते व्होल्ट आणि अँपिअर, आणि हवे असतात ओहम आणि वॅट. सूत्रं मोजकी आहेत, नववी-दहावीच्या विज्ञानात ती येऊन जातात. पण तिथे ती परीक्षेच्या उदाहरणांपुरती राहतात, घरातल्या बोर्डापर्यंत किंवा विहिरीवरच्या स्टार्टरपर्यंत पोचत नाहीत. दुसऱ्या बाजूला वर्षानुवर्षं वायरिंग करणारे कसबी कारागीर आहेत. त्यांचा हात बसलेला असतो, नजर तयार असते, पण ‘दीडची वायर टाक, चालून जाईल’ हा निर्णय सवयीवर घेतलेला असतो. बहुतेक ठिकाणी तो चालूनही जातो. जिथे चालत नाही तिथे इन्सुलेशन वितळतं, मोटर जळते, प्रसंगी घराला आग लागते. शाळेतली सूत्रं आणि कारागिराचा हात यांची गाठ घालून द्यावी, या एका हेतूने हे पुस्तक लिहिलं आहे.

सूत्रांकडे वळण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करून घ्यावी, कारण पुढचं सारं पुस्तक तिच्यावर उभं आहे. दोन मापांतून आपण दोन क्रिया करतो. व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॅट मिळतात आणि भागलं की ओहम. दिसायला या जुळ्या क्रिया आहेत, पण त्यांचा भरवसा सारखा नाही.

गुणाकार कुठून आला ते पाहा. एक कुलोम इतका विद्युतभार एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत जाताना एक जूल ऊर्जा देत असेल, तर त्या दोन बिंदूंमधलं विभवांतर एक व्होल्ट. एका सेकंदात एक कुलोम भार वाहत असेल, तर धारा एक अँपिअर. इलेक्ट्रॉनांच्या संख्येत सांगायचं तर सेकंदाला ६२४ वर १६ शून्यं, इतके इलेक्ट्रॉन. आता प्रत्येक कुलोममागे किती जूल आणि दर सेकंदाला किती कुलोम, या दोहोंचा गुणाकार केला की दर सेकंदाला किती जूल हे आपोआप मिळतं. त्यालाच आपण वॅट म्हणतो. इथे पदार्थ कोणता, गरम की गार, सरळ तार की गुंडाळी, यातलं काही विचारावं लागत नाही. हा ऊर्जेचा जमाखर्च आहे आणि त्या त्या क्षणाचे व्होल्ट आणि अँपिअर घेतले, तर तो कधी चुकत नाही.

भागाकाराचं तसं नाही. व्होल्टला अँपिअरने कधीही भागता येईल आणि काहीतरी आकडा येईलच. पण तोच आकडा उद्या, वेगळ्या व्होल्टेजला, वेगळ्या तापमानाला पुन्हा येईल का, हे त्या वस्तूच्या स्वभावावर ठरतं. तांब्याची तार तापू दिली नाही, तर तो कायम राहतो. बल्बच्या तारेत तो दहा-पंधरा पटींनी बदलतो. चालत्या मोटरच्या बाबतीत तो आकडा म्हणजे वाइंडिंगचा रोधच नव्हे. गुणाकारावर निर्धास्त राहावं आणि भागाकाराचं उत्तर वापरण्याआधी ‘कोणत्या अवस्थेत मोजलं?’ हा प्रश्न विचारावा. विजेच्या कामात फसगत होते ती हा प्रश्न न विचारल्यामुळे.

तापमान स्थिर ठेवलं तर धातूच्या तारेत हा भागाकार कायम राहतो, हे ज्यांनी प्रयोगाने दाखवलं, त्या गेओर्ग सिमॉन ओहम यांची गोष्ट इथे सांगायलाच हवी. जर्मनीतल्या एर्लांगेन गावच्या एका कुलूप बनवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा. वडील स्वतःच्या प्रयत्नांनी शिकलेले आणि मुलांना गणित शिकवणारे. १८१७ पासून ओहम कोलोनच्या जेझुइट शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत होते. त्या काळी विजेचा उगम म्हणजे १८०० साली व्होल्टा यांनी बनवलेल्या पद्धतीचा रासायनिक सेल. त्याची अडचण अशी, की तार जोडली रे जोडली की त्याचा जोर उतरू लागे. तारेमुळे धारा किती कमी झाली आणि सेल थकल्यामुळे किती, हे वेगळं काढणंच अवघड. १८२५ मधले ओहम यांचे पहिले प्रयोग याच कारणाने नीट जमले नाहीत. मग एका विज्ञानपत्रिकेचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी त्यांना वेगळा उगम सुचवला. दोन वेगळ्या धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानाला ठेवले तर वीज निर्माण होते, हे झेबेक यांनी १८२१ मध्ये दाखवलं होतं. ओहम यांनी बिस्मथ आणि तांबं जोडलं, एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला आणि दुसरा बर्फात. पाणी उकळत आहे आणि बर्फ वितळत आहे, तोवर तापमानातला फरक हलत नाही आणि म्हणून विजेचा जोरही हलत नाही. स्थिर व्होल्टेज मिळवण्याची याहून साधी आणि पक्की युक्ती त्या काळात नव्हती.

धारा मोजायला त्यांनी एका बारीक तारेला चुंबकसुई टांगली. धारेमुळे सुई वळली, की वरून पीळ देऊन तिला मूळ जागी आणायचं. जितका पीळ द्यावा लागला, तितकी धारा. तांब्याच्या सारख्या जाडीच्या आठ तारा त्यांनी घेतल्या, सर्वांत लहान २ इंचांची, सर्वांत लांब १३० इंचांची. १८२६ च्या एका नोंदीत २ इंची तारेला पिळाचा आकडा ३२६¾ आहे, ४ इंचीला ३००¾ आणि १३० इंचीला ४८½. इथे थोडं थांबावं. लांबी दुप्पट झाली तर धारा निम्मी व्हायला हवी, अशी आपली अपेक्षा असते. पण २ चे ४ इंच झाले तेव्हा धारा जेमतेम आठ टक्क्यांनी उतरली. ओहम यांनी या आकड्यांमागचा नियम काढला : तारेच्या लांबीत २०¼ मिळवा आणि येणाऱ्या बेरजेने ७२८५ ला भागा. १३० इंचांसाठी हे करून पाहा. बेरीज १५०¼ आणि उत्तर साडेअठ्ठेचाळीस. नोंदीतही नेमकं तेवढंच आहे.

हे २०¼ कुठून आले? ते जोडलेल्या तारेचे नाहीत. ते जोडणीतल्या उरलेल्या भागाचे आहेत : बिस्मथ, सांधे, मोजणीच्या यंत्रातली तार. या सगळ्यांचा मिळून रोध २०¼ इंच तारेइतका होता. आपण जोडलेल्या वस्तूखेरीज वाटेतली प्रत्येक गोष्ट स्वतःचा रोध घेऊन बसलेली असते, हे यातून कळतं. डीपीपासून लांबच्या विहिरीवर पंप चालू केला की व्होल्टेज पडतं, त्याचं कारण हेच. वाटेतल्या तारेचे ओहम आपण हिशेबात धरलेले नसतात.

१८२७ मध्ये ओहम यांनी हा सगळा सिद्धान्त गणिती रूपात पुस्तक लिहून बर्लिनमध्ये प्रसिद्ध केला. स्वागत थंड झालं. त्यांनी कोलोनची नोकरी सोडली, पुढची काही वर्षं ओढाताणीची गेली, १८३३ मध्ये न्युरेम्बर्गला पद मिळालं. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोपली पदक दिलं ते १८४१ साली. विद्यापीठातलं पूर्ण प्राध्यापकपद मिळालं तेव्हा आयुष्याची दोनच वर्षं उरली होती. १८५४ मध्ये म्युनिकला त्यांचं निधन झालं. आज जगातल्या प्रत्येक मल्टिमीटरवर त्यांच्या नावाचं चिन्ह आहे.

भागाकाराचा नियम ओहम यांनी दिला, उष्णतेचा हिशेब जेम्स जूल यांनी दिला. इंग्लंडमधल्या सॅलफर्ड गावी त्यांच्या घरचा बिअर बनवण्याचा धंदा होता. १८४० च्या सुमारास या तरुणाने तारेचं वेटोळं पाण्याच्या भांड्यात बुडवलं, त्यातून धारा सोडली आणि पाणी किती तापतं ते थर्मामीटरने पाहिलं. धारा दुप्पट केली की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट केली की नऊपट. म्हणजे उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि रोधाच्या प्रमाणात. ओहमचा भागाकार आणि वॅटचा गुणाकार एकत्र केले की हेच सूत्र निघतं. व्होल्ट, ओहम आणि अँपिअर ही नावं १८८१ च्या पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत ठरली आणि वॅट हे नाव त्यानंतरच्या वर्षी विल्यम सीमेन्स यांनी सुचवलं.

अशा रीतीने शक्तीची तीन रूपं हाती येतात : व्होल्ट गुणिले अँपिअर, अँपिअरचा वर्ग गुणिले ओहम आणि व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. इथे जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी एकदा तरी अडतो. दुसरं रूप सांगतं, रोध वाढला की उष्णता वाढते. तिसरं सांगतं, रोध वाढला की उष्णता घटते. खरं कोणतं? दोन्ही खरी आहेत. कुठली राशी स्थिर आहे, यावर सगळं अवलंबून आहे.

घरातलं प्रत्येक उपकरण समांतर जोडलेलं असतं, म्हणून प्रत्येकाला तेच २३० व्होल्ट मिळतात. व्होल्ट स्थिर असल्यामुळे इथे तिसरं रूप वापरायचं. १००० वॅटच्या इस्त्रीचा रोध सुमारे ५३ ओहम आणि २००० वॅटच्या गीझरचा २६.५, निम्मा. रोध कमी, म्हणून शक्ती जास्त. पण दोन वस्तू एकापाठोपाठ एक जोडल्या, की दोघींतून तीच धारा जाते आणि दुसरं रूप लागू होतं. १०० वॅट आणि ४० वॅटचे जुने तारेचे बल्ब एकसर जोडून २३० व्होल्ट दिले, तर ४० वॅटचा जास्त उजळतो. त्याचा रोध जास्त, धारा दोघांची सारखी, म्हणून उष्णता त्याच्या वाट्याला जास्त. शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांनी हे एकदा करून दाखवलं, की मुलं जन्मभर विसरत नाहीत.

आता हेच ज्ञान घरातल्या एका ठिकाणी लावून पाहू, कारण या पुस्तकातली सर्वांत महत्त्वाची जागा तीच आहे. सॉकेटच्या मागे एक स्क्रू सैल आहे. तारेचं टोक तिथे घट्ट बसलेलं नाही, वर काजळी धरली आहे. अशा सांध्याचा रोध अर्धा ओहम झाला आहे, असं धरा. अर्धा ओहम म्हणजे जवळजवळ काहीच नाही, असं वाटतं. आता त्या सॉकेटवर १० अँपिअर घेणारं उपकरण लावा. सांधा आणि उपकरण एकसर आहेत, म्हणून धारा तीच. दहाचा वर्ग शंभर, गुणिले अर्धा, म्हणजे ५० वॅट. सर्किट बोर्डावर डाग देण्याची लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते आणि ती धातू वितळवते. इथे तिच्या दुप्पट उष्णता नखाएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या पेटीत कोंडलेली आहे.

आणि एमसीबी पडत नाही. का पडावी? ती धारा पाहते, आणि धारा वाढलेलीच नाही. वाटेत अर्धा ओहम जास्त आल्यामुळे ती उलट किंचित घटली आहे. ‘एमसीबी बसवली आहे, आता काळजी नाही’ असं समजणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण कागदावर एकदा सोडवावं. सैल सांधा शोधायचा उपायही याच दोन मापांत आहे. प्रशिक्षित माणसाने, योग्य साधनांनी, उपकरण चालू असताना सांध्याच्या दोन्ही बाजूंमधले व्होल्ट मोजायचे. घट्ट सांध्यावर ते शून्याच्या अगदी जवळ असतात. ५ व्होल्ट दिसले आणि धारा १० अँपिअर असली, तर भागाकार सांगतो अर्धा ओहम आणि गुणाकार सांगतो ५० वॅट. दोन मापं घेतली की दोष किती आणि धोका किती, दोन्ही कळतं.

भागाकाराचं उत्तर अवस्थेवर ठरतं, असं वर म्हटलं, त्याची दोन उदाहरणं पुस्तकात विस्ताराने येतात. पहिलं जुन्या पिवळ्या बल्बचं. १०० वॅट, २३० व्होल्ट, यावरून रोध निघतो ५२९ ओहम. तोच बल्ब काढून मल्टिमीटरने मोजला तर ३५-४० ओहम दिसतात. मीटर बिघडलेला नाही. मल्टिमीटर स्वतः अगदी थोडी धारा सोडतो, टोकांवरचं विभवांतर पाहतो आणि भागाकार करून आकडा दाखवतो. तेवढ्याशा धारेने टंगस्टनची तार तापत नाही. जळत्या बल्बची तार दोन हजार अंशांहून अधिक तापलेली असते आणि धातू तापला की त्याचा रोध वाढतो. दोन्ही आकडे खरे आहेत, एक गार तारेचा आणि एक तापलेल्या तारेचा. गीझरच्या कॉइलबाबत मात्र हे वेगळं पडत नाही, कारण कॉइल नायक्रोमची असते आणि या मिश्रधातूचा रोध तापमानाने फारसा बदलत नाही. म्हणूनच ती गार असतानाही पाच मिनिटांत तपासता येते.

दुसरं उदाहरण पंपाच्या मोटरचं, आणि महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे सगळ्यात जवळचं. ५ अश्वशक्तीची थ्री-फेज मोटर ४०० व्होल्टला चालताना साधारण ८ अँपिअर घेते, असं धरू. ४०० भागिले ८ म्हणजे ५० ओहम, हा हिशेब इथे निरर्थक आहे. मोटर बंद करून वाइंडिंग मोजलं तर अवघे काही ओहम निघतात. फिरती मोटर स्वतःच उलट दिशेने व्होल्टेज निर्माण करते आणि धारेला आवर घालते. म्हणून पंपात गाळ अडकून मोटर फिरेनाशी झाली, की हा आवर नाहीसा होतो आणि धारा पाच-सहा पट चढते. शक्ती काढतानाही इथे एक जास्तीची राशी लागते. थ्री-फेजसाठी १.७३ गुणिले ४०० गुणिले ८, आणि याला पॉवर फॅक्टरने, समजा ०.८ ने, गुणायचं. उत्तर सुमारे ४४३० वॅट. त्यातले ३७३० वॅट, म्हणजे ५ अश्वशक्ती, पाणी उचलायला मिळतात. उरलेले मोटर तापवण्यात आणि घर्षणात जातात.

आता व्होल्टेज पडलं तर काय होतं ते पाहा. गीझरला २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले, तर धाराही घटते आणि शक्ती १५१२ वॅटवर येते. तीस मिनिटांचं काम चाळीस मिनिटांत होईल, युनिट जवळपास तेवढेच पडतील, नुकसान काही नाही. मोटर मात्र याउलट वागते. पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून व्होल्ट कमी पडले की ती अँपिअर वाढवून भरपाई करते. ८ चे १० अँपिअर झाले, तर वाढ पंचवीस टक्क्यांची दिसते. पण वाइंडिंगमधली उष्णता वर्गाने वाढते आणि दीडपटीच्या वर जाते. तीनपैकी एक फेज गेली आणि मोटर तशीच फिरत राहिली, तर उरलेल्या तारांतली धारा सुमारे १.७३ पट होते, म्हणजे उष्णता जवळपास तिप्पट. मोटर जळाली, रिवाइंडिंगला टाकली, भर उन्हाळ्यात पिकाला पाणी चुकलं, या दरवर्षीच्या तक्रारीमागे पुष्कळदा हा वर्ग असतो. ओव्हरलोड रिले मोटरच्या पट्टीवरचे अँपिअर पाहून लावणं आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवणं, हा खर्च एका रिवाइंडिंगच्या तुलनेत किरकोळ आहे.

तारेच्या जाडीचा हिशेबही याच ओळीत बसतो. डीपीपासून विहीर ३०० मीटर असेल आणि ६ चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियमची केबल टाकली असेल, तर प्रत्येक तारेचा रोध सुमारे १.४ ओहम. ८ अँपिअरला दर तारेत ९० वॅट, तिन्ही मिळून २७० वॅट वाटेतच जातात. १६ चौरस मिलिमीटरची केबल टाकली तर हेच १०० वॅटवर येतं.

हाच नियम राज्याच्या नकाशाएवढा मोठा करून पाहायचा असेल, तर चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्याला येणारी वाहिनी पाहावी. सुमारे ७५० किलोमीटर लांब, १५०० मेगावॅट क्षमतेची आणि एकदिश धारेची, म्हणून शाळेतलं साधं सूत्र तिला जसंच्या तसं लागतं. एका बाजूला अधिक ५ लाख व्होल्ट, दुसऱ्या बाजूला उणे ५ लाख, दोहोंमध्ये १० लाखांचं अंतर. १५० कोटी वॅटला १० लाख व्होल्टने भागा. उत्तर १५०० अँपिअर. व्होल्टेज निम्मं ठेवलं असतं तर तेवढ्याच शक्तीसाठी ३००० अँपिअर लागले असते आणि वाटेतली नासाडी चौपट झाली असती. रानावनातून जाणारे ते उंच मनोरे कशासाठी, याचं उत्तर एका भागाकारात आणि एका वर्गात आहे.

आणखी एक रोध हिशेबात धरायला हवा, माणसाच्या शरीराचा. कोरडी कातडी बराच रोध करते, ओली कातडी करत नाही. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला, तर २३० व्होल्टला ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर शरीरातून जाऊ शकतात. याहून बऱ्याच कमी धारेने हृदयाची लय बिघडू शकते. १६ अँपिअरच्या एमसीबीला ही धारा जाणवणारही नाही. म्हणूनच ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पुरवठा तोडणारं आरसीसीबी घरात हवं, आणि अर्थिंग नीट हवं. पावसाळ्यात पत्र्याच्या घरात, गोठ्यात, पंपाच्या खोलीत माणसं आणि जनावरं दगावतात. यातले कित्येक मृत्यू टाळता येणारे आहेत. ३० मिलिअँपिअर हा आकडा प्रत्येक घरात माहीत असावा, असं मला कळकळीने वाटतं.

पुस्तकाची मांडणी कामाच्या क्रमाने आहे. आधी उपकरणांवरच्या पट्ट्या वाचणं, मग मोजणं, मग हिशेब, शेवटी दोष शोधणं. पाठ्यपुस्तकातले विभवांतर, धारा, रोध आणि कामावरचे व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स हे शब्द दोन्ही वापरले आहेत, कारण वाचकाला दोन्हीकडे वावरायचं आहे. मोजणीच्या प्रकरणात काही गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या आहेत. व्होल्टमीटर समांतर जोडायचा, अँमीटर एकसर. मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून थेट फेज आणि न्यूट्रलमध्ये लावणं म्हणजे शॉर्ट सर्किट करणं. क्लॅम्प मीटरच्या जबड्यात एकच तार घ्यायची. फेज आणि न्यूट्रल दोन्ही घेतल्या तर जाणारी आणि येणारी धारा एकमेकींना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो. ओहम मोजताना पुरवठा तोडलेला असलाच पाहिजे, आणि तो तोडला आहे हे टेस्टरच्या दिव्यावर न सोडता मीटरने पाहून घ्यायचं.

आयटीआयमधल्या मुलामुलींसाठी, दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी, शेतकऱ्यांसाठी आणि स्वतःच्या घरात काय चाललं आहे हे जाणून घेऊ पाहणाऱ्या गृहिणी-गृहस्थांसाठी हे पुस्तक आहे. यात गुणाकार-भागाकारापलीकडचं गणित जवळजवळ नाही. वाचायला बसताना शेजारी वही ठेवावी. घरातल्या उपकरणांच्या पट्ट्यांवरचे वॅट उतरवून घ्यावेत, प्रत्येकाचे अँपिअर काढावेत, एका वेळी चालणाऱ्यांची बेरीज करावी आणि ती विजेच्या बिलावर छापलेल्या मंजूर भाराशी, मेन स्विचच्या आकड्याशी आणि भिंतीतल्या तारेच्या जाडीशी ताडून पाहावी. बेरीज जास्त निघाली तर परवानाधारक कंत्राटदाराला बोलवावं आणि ती वही त्याच्यापुढे ठेवावी. उत्तर चुकलं तरी हरकत नाही. वहीतली चूक खोडून पुन्हा मांडता येते, बोर्डाला हात लावण्याआधी तिथेच ती सुधारून घ्यावी.